काळाची निकड आणि दुभाष्याचा स्वभाव : न्यूरेंबर्ग खटल्यातील भाषांतरसेवेचा इतिहास

कोणत्याही सेवेची गुणवत्ता ठरविताना दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. काम किती अवधीत पुरे करावयाचे, ही एक. आणि ते करणाऱ्या माणसाचा पिंड कसा आहे, ही दुसरी. सामान्यतः ह्या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजल्या जातात. घाईने चुका होतात असे एकदा म्हटले जाते. अमका मनुष्य खंबीर आहे, तमका हळवा आहे, असे दुसऱ्या प्रसंगी म्हटले जाते. घाई आणि स्वभाव ह्यांचा परस्परांशी काय संबंध आहे, ह्याकडे मात्र क्वचितच लक्ष पुरविले जाते. हा संबंध स्पष्टपणे तपासता येईल असा एक प्रसंग अर्वाचीन इतिहासात घडून गेलेला आहे. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ ह्या काळात न्यूरेंबर्ग येथे आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे जर्मनीच्या प्रमुख युद्धगुन्हेगारांचा खटला चालला. त्यात चार भाषांत एकाच वेळी तोंडी भाषांतर करणारी जी सेवा उभारण्यात आली तिच्यात कामाचा अवधी सेकंदांत मोजला जात होता आणि चुकीची किंमत एखाद्या माणसाचा प्राण ही असू शकत होती. राजकीय व न्यायशास्त्रीय दृष्टीने ह्या खटल्याचे विपुल विवेचन झाले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केवळ भाषासेवेच्या अंगाने करावयाचा आहे.

१. सनदेतील पेच

८ ऑगस्ट १९४५ रोजी लंडन येथे न्यायाधिकरणाची सनद मंजूर झाली. तिच्या १६ व्या कलमाने आरोपीस असा हक्क दिला की, त्याची चौकशी व सुनावणी त्याला समजणाऱ्या भाषेत व्हावी किंवा त्या भाषेत भाषांतरित केली जावी. २५ व्या कलमान्वये सर्व कामकाज इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि आरोपींची भाषा ह्या चारही भाषांत चालावयाचे होते. उलट १८ व्या कलमाने न्यायाधिकरणावर असे बंधन घातले की, सुनावणी आरोपांशी निगडित मुद्द्यांपुरती मर्यादित ठेवून ती शीघ्र गतीने पार पाडावी. पहिली दोन कलमे भाषेला पूर्ण न्याय मागत होती आणि तिसरे कलम वेळ वाचविण्याची आज्ञा देत होते.

त्या वेळी रूढ असलेल्या पद्धतीने हा पेच सुटणे शक्य नव्हते. राष्ट्रसंघात, म्हणजे ‘लीग ऑफ नेशन्स’मध्ये, वक्ता आपले भाषण संपवी आणि मग दुभाष्या टिपणांच्या आधारे ते दुसऱ्या भाषेत उभे राहून सांगे. ह्यास क्रमशः भाषांतर म्हणता येईल. ह्या पद्धतीतील दुभाषे असामान्य स्मरणशक्तीचे व वक्तृत्वाचे लोक असत. परंतु चार भाषांच्या न्यायालयात प्रत्येक वाक्य आणखी तीन वेळा उच्चारावे लागले असते आणि एका तासाच्या साक्षीसाठी जवळजवळ चार तास खर्ची पडले असते. म्हणून वक्ता बोलत असतानाच त्याच्या मागोमाग बोलत जाण्याची, म्हणजे समकालिक भाषांतराची, योजना पुढे आली. तिच्यासाठी लागणारी ‘फायलीन–फिन्ले’ नावाची यंत्रणा १९२० नंतरच्या दशकात तयार झाली होती आणि जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत तिचे प्रयोगही झाले होते. तथापि साक्षीपुराव्यासारख्या उत्स्फूर्त प्रश्नोत्तरांना, तेही इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतका दीर्घ काळ, ती पूर्वी कधीही लावली गेली नव्हती. अनेक अनुभवी दुभाष्यांना ही गोष्ट अशक्य कोटीतील वाटत असे.

२. रचना

ह्या कामाची सूत्रे कर्नल लेआँ दोस्तेर ह्यांच्याकडे आली. फ्रान्समध्ये जन्मलेले दोस्तेर अमेरिकेत फ्रेंचचे प्राध्यापक झाले होते आणि महायुद्धात त्यांनी आयझेनहॉवर ह्यांचे दुभाषी म्हणून काम केले होते. त्यांनी उभारलेली रचना पुढीलप्रमाणे होती. दुभाष्यांच्या बारा बारा जणांच्या तीन तुकड्या होत्या. प्रत्येक तुकडीत इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन अशी चार मेजे आणि दर मेजावर तिघे जण. इंग्रजीच्या मेजावरील तिघांपैकी एकाने जर्मनमधून, दुसऱ्याने फ्रेंचमधून व तिसऱ्याने रशियनमधून इंग्रजीत भाषांतर करावयाचे. इतर मेजांवरही अशीच वाटणी होती. एक तुकडी पंच्याऐंशी मिनिटे काम करी, मग दुसरी तिची जागा घेई, आणि तिसऱ्या तुकडीस त्या दिवशी सुटी असे. दुभाष्यांची जागा आरोपींच्या पिंजऱ्याला लागूनच होती. त्यांच्यापुढे काचेचा आडोसा होता, पण तो वरून उघडा असल्याने दालनातील गलबला त्यांच्या कानी येतच असे. श्रोत्यांच्या आसनापाशी पाच वाहिन्यांची सोय होती : पहिलीवर मूळ भाषण, दुसरीवर इंग्रजी, तिसरीवर रशियन, चौथीवर फ्रेंच आणि पाचवीवर जर्मन.

ह्या रचनेतील सर्वांत विचार करण्याजोगी वस्तू म्हणजे दोन दिवे. प्रत्येक तुकडीबरोबर एक पर्यवेक्षक बसे. वक्ता फार वेगाने बोलू लागला की तो पिवळा दिवा लावी. त्याचा अर्थ, सावकाश बोला. दुभाष्यास खोकला आला, शब्द अडला किंवा यंत्र बिघडले तर तांबडा दिवा लागे. त्याचा अर्थ, थांबा. मिनिटास साठ शब्द हा वेग अपेक्षित धरलेला होता. न्यायाधिकरणाचे अध्यक्ष लॉर्ड जस्टिस लॉरेन्स हे वकिलांना आणि साक्षीदारांना गती कमी करण्याची सूचना वारंवार देत.

एरवी सेवकाने मागणी करणाऱ्याच्या गतीशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा असते. येथे न्यायाधीश, अभियोक्ते, सेनापती, माजी मंत्री अशा सर्वांची गती एका दिव्याच्या द्वारे दुभाष्याच्या गतीला बांधली गेली. काळाची निकड सेवकाने एकट्याने सोसावयाची वस्तू राहिली नाही. ती सर्व न्यायालयात वाटली गेली.

३. माणसांची पारख

दुभाषी निवडण्यासाठी प्रथम पदव्या व भाषाज्ञान ह्यांकडे पाहण्यात आले. परंतु तेवढ्याने भागत नाही हे लवकरच ध्यानात आले. उमेदवारास दोन्ही भाषांत दहा झाडांची, दहा शेतीच्या अवजारांची किंवा मोटारगाडीच्या दहा भागांची नावे विचारण्यात येत. पुस्तकी भाषेत पारंगत असलेले कित्येक जण येथेच अडखळत. पुढची परीक्षा न्यायमंदिराच्या माळ्यावर होई. तेथे लुटुपुटीचा खटला चालवून उमेदवारांना यंत्रावर बसविले जाई. भाषाशास्त्रातील उत्तम विद्वान ह्या कसोटीत नापास झाल्याची उदाहरणे आहेत. त्यांना अचूक शब्दाचा शोध घेण्याची सवय असे आणि तो सापडेपर्यंत साक्षीदार दोन वाक्ये पुढे गेलेला असे. अशांना बहुधा लेखी भाषांतराच्या विभागात पाठविण्यात येई. तेथे त्यांची चिकित्सक वृत्ती हा दोष न ठरता गुण ठरे. मनुष्य तोच, ज्ञान तेच. कामाचा अवधी बदलताच त्याच्या स्वभावाचे मूल्य बदलले.

ह्याच्या उलट उदाहरण गेओर्ग वासिल्चिकोव्ह ह्यांचे आहे. देशांतर केलेल्या एका रशियन सरदार घराण्यातील हे गृहस्थ नेहमीच्या बोलण्यात अडखळत, तोतरे बोलत. परंतु भाषांतर करावयास बसले की त्यांची वाणी निर्वेध वाहू लागे. स्वतःच्या मनातील बोलणे आणि दुसऱ्याच्या मनातील बोलणे ह्यांत काही मानसिक अंतर असावे, आणि दुसऱ्याच्या वाक्याचा वेग काहींना आधार देत असावा, असा तर्क ह्यावरून करता येतो. निदान एवढे खरे की, काळाचा ताण प्रत्येक व्यक्तीवर एकाच दिशेने परिणाम करीत नाही.

४. वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद

ताणाचे खरे केंद्र जर्मन वाक्याच्या रचनेत होते. जर्मन भाषेत गौण वाक्यातील क्रियापद, आणि संयुक्त क्रियापदाचा अर्थवाहक भाग, बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. इंग्रजी किंवा फ्रेंच वाक्य मात्र कर्त्यानंतर लगेच क्रियापद मागते. मराठी वाचकास ही अडचण समजणे कठीण नाही. ‘त्या गावातील लोकांना तेथून हलविण्याचा हुकूम मी त्या दिवशी सायंकाळी माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना’ येथपर्यंत वाक्य आले तरी हुकूम ‘दिला’ की ‘दिला नाही’ हे अद्याप अनिश्चितच असते. सारा गुन्हा त्या शेवटच्या शब्दात सामावलेला असतो. दुभाष्याने थांबावे तर मागे पडण्याचे भय. अंदाजाने क्रियापद उच्चारावे तर आरोपीच्या तोंडी नसलेली कबुली घातली जाण्याचे भय.

येथे स्वभावाचा प्रवेश होतो. सावध वृत्तीचा दुभाष्या थांबतो आणि मग साठलेले वाक्य एका दमात सांगतो. त्या दमात एखादे विशेषण किंवा उपवाक्य निसटते. धीट वृत्तीचा दुभाष्या शेवट ओळखून पुढे जातो. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर ठरतो, क्वचित ठरत नाही. ह्यांपैकी कोणता मार्ग पत्करावयाचा ह्याचा निर्णय घेण्यास स्वस्थपणा नसतो. तो निर्णय विचाराच्या हातून निसटतो आणि स्वभावाच्या हाती जातो. घाई केवळ चुकांची संख्या वाढविते असे समजणे म्हणूनच अपुरे आहे. घाईमध्ये कोणत्या प्रकारची चूक होईल, हे करणाऱ्याच्या पिंडावर ठरते.

आरोपींपैकी हान्स फ्रिट्शे हे नभोवाणीवरील भाष्यकार होते. ध्वनिक्षेपकाची आणि अदृश्य श्रोत्याची जाण असल्यामुळे त्यांनी आपल्या सहआरोपींसाठी बोलण्याविषयी काही सूचना लिहून काढल्या. वाक्ये लहान असावीत व क्रियापद शक्य तितके आधी यावे, हा त्यांचा आशय होता. आपला बचाव दुभाष्याच्या कानावर व जिभेवर अवलंबून आहे हे त्यांनी नेमके ओळखले होते. ते पुढे निर्दोष सुटले. अर्थात त्याची कारणे अन्य होती.

दुसरे उदाहरण एका अगदी लहान शब्दाचे आहे. जर्मन ‘या’ ह्या शब्दाचा कोशातील अर्थ ‘होय’. परंतु अडचणीचा प्रश्न आला असता जर्मन बोलणारा पुष्कळदा ह्याच शब्दाने उत्तरास आरंभ करतो. त्या वेळी त्याचा अर्थ ‘हं’, ‘बरे’, ‘म्हणजे त्याचे असे’ एवढाच असतो. मराठीतही ‘हो, पण तसे ते नव्हते’ असे म्हणणारा काहीच कबूल करीत नसतो. प्रश्न ‘ह्या हत्येची आपणास माहिती होती काय?’ असा असेल आणि दुभाष्याने वेगाच्या भरात पहिल्या अक्षराचे भाषांतर ‘होय’ असे केले, तर चार भाषांतील लघुलेखक तो होकार नोंदवून ठेवणार. म्हणून अशा ठिकाणी ‘होय’ न म्हणता काळ काढणारा निरर्थक शब्द वापरावा अशी दक्षता दुभाष्यांना घ्यावी लागली. शब्द माहीत असणे पुरेसे नाही, बोलणाराची चाल ओळखता आली पाहिजे, हा धडा ह्यातून मिळाला.

वेळेचा हा ताण सर्वांवर सारखा नव्हता. गोअरिंग ह्यांना इंग्रजी बरेचसे समजत असे. प्रश्नाचे जर्मन भाषांतर कानी पडेपर्यंतचा काळ त्यांना उत्तराच्या जुळवणीसाठी फुकट मिळे. दुभाष्याची तारांबळ ही साक्षीदाराची सवड झाली.

५. संकोच, शोक आणि स्वर

काही प्रसंगी अडथळा भाषेचा नव्हताच. छळछावण्यांविषयीच्या साक्षींत अर्वाच्य व ओंगळ शब्द येत. एका तरुण दुभाषिणीस ते तोंडाने उच्चारणे जमेना; ती सौम्य पर्याय देऊ लागली आणि तिच्या जागी दुसऱ्यास बसवावे लागले. सभ्यता हा एरवीचा सद्गुण. परंतु पुराव्याच्या दृष्टीने सौम्य केलेला शब्द हा खोटा शब्द होय. दुसऱ्या एका यहुदी दुभाषिणीचा आवाज काम चालू असतानाच बंद पडला. तिच्या कुटुंबातील माणसे ज्यांच्या राजवटीत मारली गेली त्यांचे शब्द तिला प्रथमपुरुषी एकवचनात, ‘मी’ म्हणून, उच्चारावयाचे होते. तिला दोष देणे कोणासही शक्य नव्हते. तिलाही ते काम सोडावे लागले.

ह्या दोन घटनांवरून दुभाष्या निर्विकार असावा असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष घाईचा ठरेल. पूर्ण निर्विकार स्वरात सांगितलेली साक्षही विकृतच होते, कारण न्यायाधीश साक्षीदाराचा खरेपणा काही अंशी स्वरावरून अजमावीत असतात. एखाद्या सेनापतीची साक्ष मुलीच्या कोवळ्या आवाजात ऐकू आली म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनावर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न तेव्हाही उपस्थित झाला होता. दुभाष्याचे व्यक्तिमत्त्व पुसून टाकता येत नव्हते. ते कोठे व किती चालेल एवढेच ठरविता येत होते. आणि ते ठरविण्याचे काम पर्यवेक्षकाकडे होते. तो दुभाष्यास तत्काळ बदलू शकत असे. दुसरी महत्त्वाची तरतूद अशी की, सर्व मूळ भाषणे ध्वनिमुद्रित होत आणि लघुलेखकांनी केलेली नोंद नंतर त्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिली जाई. बोलताना नसलेला अवधी अशा रीतीने मागाहून उपलब्ध करून देण्यात आला होता.

६. सवड असूनही झालेल्या चुका

काळाचा ताण हेच दोषाचे एकमेव कारण नव्हे, हे दाखविणाऱ्या दोन घटना मार्च १९४६ मध्ये घडल्या. अमेरिकेचे मुख्य अभियोक्ते रॉबर्ट जॅक्सन गोअरिंग ह्यांची उलटतपासणी घेत होते. एका कागदाच्या आधारे त्यांनी असे सुचविले की, जर्मनीने ऱ्हाइनलँड प्रदेशाच्या ‘मुक्ती’ची तयारी पूर्वीच चालविली होती. गोअरिंग ह्यांनी दाखवून दिले की, मूळ ‘फ्रायमाखुंग’ ह्या शब्दाचा अर्थ तेथे मोकळे करणे असा असून मजकूर ऱ्हाइन नदीचे पात्र वाहतुकीपासून मोकळे करण्यासंबंधी आहे. अभियोक्त्यांचा मुद्दा त्या क्षणी ढासळला.

दुसरा वाद गोअरिंग ह्यांनी ३१ जुलै १९४१ रोजी हायड्रिश ह्यास दिलेल्या आज्ञापत्रासंबंधी होता. भाषांतरात ‘अंतिम तोडगा’ असा शब्द आला होता. मूळ शब्द ‘गेझाम्टल्योझुंग’, म्हणजे ‘समग्र तोडगा’, असा आहे अशी हरकत गोअरिंग ह्यांनी घेतली. त्या जागेपुरती ती हरकत खरी होती. परंतु त्याच पत्राच्या अखेरीस ‘एन्डल्योझुंग’, म्हणजे ‘अंतिम तोडगा’, हा शब्द प्रत्यक्ष आलेला आहे. एका शब्दाच्या सैल भाषांतरामुळे लाखो लोकांच्या संहाराशी संबंधित अशा कागदावर आरोपीस भाषाशुद्धीच्या बाजूने बोलण्याची संधी मिळाली.

ह्या दोन्ही चुका काचेच्या आडोशाआड झालेल्या नव्हत्या. त्या मेजावर बसून केलेल्या लेखी भाषांतरात झाल्या होत्या. समकालिक भाषांतराला संशयाने पाहिले जात होते, म्हणून त्याच्याभोवती दिवे, पर्यवेक्षक आणि ध्वनिमुद्रण ह्यांची तटबंदी उभी राहिली. लेखी शब्दावर मात्र लेखी असल्यामुळेच विश्वास बसला होता.

७. टोकियोचा निराळा मार्ग

ह्याच काळात दूर पूर्वेत दुसरा खटला सुरू झाला. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल ज्या न्यायाधिकरणावर बसले होते त्या टोकियोच्या खटल्यास ३ मे १९४६ रोजी आरंभ झाला आणि त्याचा निकाल नोव्हेंबर १९४८ मध्ये वाचला गेला. तेथे मुख्य व्यवहार जपानी व इंग्रजी ह्या दोन भाषांत होता आणि जपानी वाक्यातही क्रियापद अखेरीस येते. तेथील साक्षी मुख्यतः क्रमशः भाषांतराने चालविण्यात आल्या. आधी लिहून आणलेला मजकूर वाचावयाचा असेल तेव्हा समकालिक पद्धत उपयोगात येई. दुभाषे जपानी होते. त्यांच्यावर जपानी वंशाचे अमेरिकन पर्यवेक्षक होते. आणि वादग्रस्त शब्दांचा निर्णय अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांच्या भाषा-लवाद मंडळाकडे असे. येथे स्वभावापेक्षा निष्ठेचा संशय प्रबळ होता, आणि त्यावरील उपाय म्हणून एकावर एक तीन थर रचले गेले.

न्यूरेंबर्गचे काम २१८ दिवस चालले, टोकियोचे ४१७ दिवस. हा फरक केवळ भाषांतरामुळे पडला असे म्हणता येणार नाही. आरोपांचा विस्तार व साक्षीदारांची संख्या ह्याही गोष्टी त्यास कारणीभूत होत्या. तथापि दोन वृत्ती स्पष्ट दिसतात. टोकियोने वेळ खर्चून खात्री विकत घेण्याचा यत्न केला. न्यूरेंबर्गने वेळ वाचविला आणि त्यातून उद्भवणारा धोका अनेकांत विभागून दिला.

८. उत्तरकाल

१ ऑक्टोबर १९४६ रोजी दुपारी आरोपींना एकेकटे आणून शिक्षा ऐकविण्यात आल्या. गोअरिंग ह्यांनी हेडफोन कानास लावला, पण तो बंद होता. दुरुस्ती होईपर्यंत मृत्युदंडाची घोषणा थांबली. ती जर्मन भाषेत सांगणारा आवाज वुल्फ फ्रँक ह्या दुभाष्याचा होता. आरोपीला समजेल अशी भाषा, हे सनदेचे वचन शेवटच्या वाक्यापर्यंत पाळावे लागले.

दोस्तेर त्यापूर्वीच संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामासाठी गेले होते. १५ नोव्हेंबर १९४७ रोजी तेथील आमसभेने समकालिक भाषांतर ही कायम सेवा म्हणून स्वीकारली. पुढे १९५४ मध्ये दोस्तेर ह्यांच्याच पुढाकाराने जॉर्जटाउन विद्यापीठात रशियनमधून इंग्रजीत यांत्रिक भाषांतराचा प्रसिद्ध प्रयोग झाला. माणसाच्या स्वभावाशी झगडलेला हा संघटक अखेर यंत्राकडे वळला, ही गोष्ट सूचक आहे.

न्यूरेंबर्ग येथे अनुभवाने ठरविलेल्या मर्यादा नंतरच्या संशोधनाने तपासल्या. डेव्हिड गर्व्हर ह्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिनिटास सुमारे ९५ ते १२० शब्दांच्या पुढे वेग गेला असता भाषांतरातील गाळलेले व चुकलेले भाग वाढत जातात असे आढळले. १९९८ मध्ये बार्बरा मोझर-मर्सर व त्यांचे सहकारी ह्यांनी दीर्घ पाळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अर्धा तास उलटल्यावर गुणवत्ता खालावत जाते आणि ही घसरण स्वतः दुभाष्याच्या ध्यानात येत नाही, असे दिसून आले. ह्यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. थकलेला मनुष्य आपल्या कामाचा चांगला परीक्षक असू शकत नाही. म्हणून पाळीची मर्यादा त्याच्या धैर्यावर किंवा प्रामाणिकपणावर सोपविणे योग्य नव्हे. ती बाहेरूनच घालावी लागते.

भारतात लोकसभेत इंग्रजी व हिंदी ह्यांच्यातील समकालिक भाषांतराची सोय १९६४ मध्ये सुरू झाली आणि पुढे मराठीसह अन्य भाषांतील भाषणांसाठीही दुभाष्यांची तरतूद होत गेली. मराठीतून हिंदीत जाताना क्रियापदाची अडचण फारशी येत नाही, कारण दोन्ही भाषांत ते अखेरीसच असते. मराठीतून इंग्रजीत जाताना मात्र न्यूरेंबर्गच्या जर्मन दुभाष्यांपुढील प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. ‘हो’, ‘बरे’, ‘तसे पाहिले तर’ ह्या आरंभीच्या शब्दांची आणि अखेरीस येणाऱ्या नकाराची मराठीतील वागणूक ध्वनिमुद्रित भाषणांच्या आधारे तपासणे, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

सारांश, न्यूरेंबर्गची सेवा यशस्वी झाली ती तेथे दोषरहित स्वभावाची माणसे मिळाली म्हणून नव्हे. संकोची, हळवी, चिकित्सक, धीट अशी सर्व प्रकारची माणसे तेथे होती. घाईत ह्या स्वभावांना मोकळे रान मिळते हे ओळखून कोणाचाही स्वभाव एकट्याने निर्णय करणार नाही अशी व्यवस्था तेथे करण्यात आली. पिवळा दिवा हे त्या व्यवस्थेचे सर्वांत साधे साधन होते. आणि तो लागल्यावर न्यायाधीशही थांबत, हे तिचे मर्म होते.